ब्लेनहाइमच्या बारा टोपल्या

विदर्न्सी,
९ फेब्रुवारी १९५३

श्री. लॅव्हरॅक यांस,

मी ऑलिव्ह, एनॉक गार्बट यांची मुलगी. माझं अक्षर बघून तुम्ही दचकला असाल, कारण इतकी वर्षं तुम्हाला पत्रं यायची ती वडिलांच्या हातची. सहा जानेवारीला त्यांना झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात. जीभ मात्र शाबूत आहे. ती तेवढी देवाने का सोडली ते त्यालाच ठाऊक, कारण दिवसभर आमच्या घरात मार्लथॉर्पच्या बागेशिवाय दुसरा विषय नाही. मी बटाटे सोलत असले की म्हणतात, पूर्वेच्या भिंतीला चुना लावला का विचार. मी कोणाला विचारू? समुद्राला?

आता मुद्द्याचं. मार्लथॉर्पच्या पोस्टातल्या बाईंची बहीण आमच्या गल्लीत राहते. ती म्हणते, हॉलच्या बाईसाहेब गेल्यावर वारसांनी बाग मोडली, आत काही उरलं नाही. खरं आहे का? खरं असेल तर हात जोडून सांगते, वडिलांना कळू देऊ नका. दुसरा धक्का ते सोसणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. ते डाव्या हाताने लिहायला शिकताहेत, आणि पहिलं पत्र तुम्हालाच येणार आहे. तुम्ही उत्तर द्या आणि सगळं ठीक आहे एवढंच लिहा. खोटं लिहायला सांगतेय, याची लाज वाटते. पण माझाही जीव आता मेटाकुटीला आलाय.

ऑलिव्ह स्टॅदर

*

मार्लथॉर्प हॉल, माळ्याचं घर,
१६ फेब्रुवारी १९५३

प्रिय ऑलिव्ह,

तुला मिसेस स्टॅदर म्हणायला हवं, पण तू फ्रॉकच्या ओच्यात गूझबेरी भरून मागच्या दाराने पळायचीस ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा ऑलिव्हच.

खरं आहे. काचघरं नोव्हेंबरात उतरवली, लोखंड एक माणूस ट्रकमधून घेऊन गेला. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीवरचे पीच, अंजीर, सगळं साखळी बांधून ट्रॅक्टरने उपटलं. तीन एकरांत आता नाताळची झाडं लावलीत. गुडघाएवढी आहेत. भिंत तेवढी उभी आहे, कारण ती पाडायलाही माणसं लागतात.

पण तुला एक सांगतो, आणि ते तुझ्यापाशीच ठेव. गेल्या ऑक्टोबरात इस्टेटीचे कारभारी कॅप्टन फेनर माझ्याकडे आले. मी पेअर उतरवत होतो. त्यांनी विचारलं, "लॅव्हरॅक, खरं सांगा, एका माणसाला ही बाग जमेल का?" एके काळी इथे चौदा माणसं होती. आता मी आणि पाय अधू असलेला टॉम डॉसर. त्या दिवशी माझी कंबर इतकी दुखत होती की शिडीवरून उतरायचंही जिवावर आलं होतं. मी म्हटलं, "नाही." एवढंच. त्यांनी मान हलवली, पेअर छान आहेत म्हणाले आणि गेले. मी "जमेल" म्हटलं असतं तर बाग राहिली असती. तसं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

१९४६ साली तुझ्या वडिलांनी किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा एकच गोष्ट बोलले होते: "मी असेपर्यंत ही मोडू देऊ नकोस." बाग गेली हे त्यांना कळलं तर एक वेळ ते सोसतील. पण ती माझ्या तोंडच्या एका शब्दाने गेली, हे कळलं तर माझ्याकडे बघणार नाहीत. आणि या जगात माझ्याकडे बघणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

तेव्हा लिहीन मी खोटं. तू सांगितलं नसतंस तरी लिहिलं असतं.

पर्सी लॅव्हरॅक

*

विदर्न्सी,
१ मार्च १९५३

लॅव्हरॅक,

डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं उजव्या हाताचं तरी कुठे मोठं देखणं आहे.

पीच कळीवर आले असतील. फुलं उमलली की सशाचं शेपूट काठीला बांध आणि भर दुपारी, फुलं कोरडी असताना, एकेका फुलावरून फिरव, म्हणजे पराग पसरतील. सकाळी नको, सकाळी दव असतं. टॉमला देऊ नकोस, तो झाडू मारल्यासारखं मारतो. मधमाश्या करतील म्हणून बसू नकोस. मार्चमधल्या मधमाशीवर भरवसा ठेवणारा माळी मी नोकरीवर ठेवला नसता.

अंजिरावरचा पेंढा एप्रिलच्या आत काढायचा नाही. दरवर्षी तुला घाई असते.

इथे खारा वारा आहे. ऑलिव्हने खिडकीत जिरॅनियम ठेवलंय, ते माझ्यासारखंच एका बाजूने वाळलंय. काय काय केलंस ते सविस्तर लिही. "सगळं ठीक" असलं काही नको.

गार्बट

*

मार्लथॉर्प,
३० मार्च १९५३

मिस्टर गार्बट यांस,

तुमचं पत्र मिळालं. डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं लागतं, खरंच सांगतो.

पीच फुलले. यंदा भिंतभर. जुनं शेपूट कसरीने खाल्लं होतं, म्हणून टॉमने सापळ्यातल्या सशाचं नवं आणून दिलं. मी ते सुकवून वेताला बांधलं आणि चार दुपारी एकेका फुलावरून फिरवलं. टॉमला हात लावू दिला नाही. तो बादलीवर बसून पाईप ओढत मला शिकवत होता. संध्याकाळी थंडी पडायची लक्षणं दिसली की फुलांवर जाळं सोडतो, सकाळी गुंडाळतो. अंजिराचा पेंढा अजून तसाच आहे, तुमची शपथ.

द्राक्षवेलीच्या डोळ्यांना टोकं फुटलीत. काचघराच्या तिसऱ्या तावदानाची चीर वाढली होती, ती मी पुट्टी लावून भरली. भिंतीजवळ इतकं ऊन होतं की कोट काढून काम केलं. फार बरं वाटलं.

प्रकृतीला जपा.

आपला,
लॅव्हरॅक

*

मार्लथॉर्प,
१४ जून १९५३

प्रिय ऑलिव्ह,

तू लिहितेस, माझी पत्रं आली की वडील दोन घास जास्त जेवतात. ऐकून बरं वाटलं आणि वाईटही.

पहिलं पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. आता बसलो की हात थांबत नाही. मी दिवसभर नाताळच्या झाडांमधलं गवत कापतो आणि कापता कापता मनात भिंतीवरचे पीच विरळ करत असतो. कोणत्या फांदीवर किती ठेवायचे, हे ठरवत असतो. परवा तर खरोखरच खिशात कात्री टाकून काचघराकडे निघालो. दाराशी पोचल्यावर लक्षात आलं की दारच नाही. टॉम बघत होता. बिचाऱ्याने मला तंबाखू दिली.

थकलोय गं. काम करून थकायचो तेव्हा झोप यायची. हे थकणं काही वेगळंच आहे.

पर्सी

*

मार्लथॉर्प,
१८ ऑक्टोबर १९५३

मिस्टर गार्बट यांस,

उशीर झाला, माफ करा. सफरचंदांचीच घाई होती. चौकातल्या ब्लेनहाइम सफरचंदाच्या झाडाने यंदा कमाल केली. बारा टोपल्या भरल्या, एकाला डाग नाही. टॉम वर चढू शकत नाही, तेव्हा मीच शिडीवर आणि तो खाली हात पसरून उभा. माडीवर पेंढ्यात एकेक सफरचंद सुटं मांडलंय, एकमेकांना लागणार नाही असं, तुम्ही शिकवलंत तसं. सगळ्या घराला त्यांचा वास येतोय.

पीच तर संपले. शेवटचे काही आम्हीच खाल्ले. अंजीर एकवीस. द्राक्षं अजून वेलीवर आहेत.

हिवाळ्याआधी पूर्वेच्या भिंतीला चुना लावून घेईन. ऑलिव्हला सांगा.

आपला,
लॅव्हरॅक

*

विदर्न्सी,
४ नोव्हेंबर १९५३

लॅव्हरॅक,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग ऑलिव्हला तुझी गेल्या वर्षीची पत्रं काढायला लावली. १२ ऑक्टोबर १९५२ च्या पत्रात तू लिहिलंस, ब्लेनहाइमला तेरा टोपल्या लागल्या. यंदा म्हणतोस बारा.

ते झाड एक वर्ष देतं आणि एक वर्ष झोपतं. एक्केचाळीस वर्षं मी त्याच्याखालून दिवसातून दहा वेळा गेलो. तेराच्या साली नाही, एकोणतिसाच्या साली नाही, राजाच्या राज्याभिषेकाच्या साली बाईसाहेबांनी मुद्दाम मागितली तेव्हाही नाही, एकाही विषम वर्षी त्याने मूठभरापेक्षा जास्त सफरचंदं दिली नाहीत. मी खत घालून पाहिलं, मुळं छाटून पाहिली, शेवटी हात टेकले. आणि तुझ्यासाठी त्याने त्रेपन्न साली बारा टोपल्या दिल्या?

मला मार्चपासून खटकत होतं. तू लिहिलंस, "फार बरं वाटलं." मार्चमध्ये बरं वाटलेला माळी मला अजून भेटायचाय.

ऑलिव्हला विचारलं तर ती रडायला लागली. म्हणाली, "त्यांनाच विचारा." म्हणून विचारतो. काय उरलंय तिथे? मी म्हातारा झालोय, बावळट नाही झालो. आणि सगळं लिही. जे लिहायला नको वाटतं ते आधी लिही.

गार्बट

*

मार्लथॉर्प,
२२ नोव्हेंबर १९५३

मिस्टर गार्बट,

काही उरलेलं नाही. भिंत आणि मधली विहीर. गेल्या हिवाळ्यात सगळं काढलं. ब्लेनहाइम तोडायला दोन माणसांना दीड दिवस लागला. आता आत नाताळची झाडं आहेत.

झाड एकाआड एक वर्ष फळतं हे मी विसरलो नव्हतो. तुमच्याइतकंच मीही त्याच्या नावाने बोटं मोडली आहेत. पण वर्षभर जी बाग मी तुम्हाला लिहीत होतो, तिच्यात सगळंच दरवर्षी फळायचं. तिथे माझी कंबर कधी दुखत नव्हती. लिहिता लिहिता मी वाहवत गेलो.

आता नको वाटणारं. बाग मोडली वारसांनी, पण विचारलं मला होतं. कॅप्टन फेनर म्हणाले, एका माणसाला जमेल का? आणि मी नाही म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही. वेळ मागून घेता आला असता, तुम्हाला विचारता आलं असतं. मी पेअरची टोपली खाली ठेवली आणि नाही म्हटलं, आणि खरं सांगू? त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. तो सुटकेचा क्षण मला वर्षभर खातोय.

तुम्ही माझ्याकडून शब्द घेतला होता. मी तो मोडला. तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा, मी ऐकून घेईन. फक्त ऑलिव्हला रागावू नका.

लॅव्हरॅक

*

विदर्न्सी,
१० जानेवारी १९५४

लॅव्हरॅक,

इतके दिवस लिहिलं नाही, ते रागाने नव्हे. चार माणसांचं काम सहा वर्षं एकट्याने ओढलंस आणि मग खरं बोललास. त्यात मोडलं काय? चौदा माणसांच्या बागेची किल्ली मी एका माणसाच्या हातात दिली आणि वर शब्द घेतला. लाज मला वाटायला हवी. तो विषय संपला.

नको वाटणारं मी तुला आधी लिहायला लावलं. आता माझं लिहितो. हे ऑलिव्हलाही माहीत नाही.

१९३१ च्या जूनमध्ये बर्विकजवळच्या एका मोठ्या बागेतून मला पत्र आलं. तिथला मुख्य माळी गेला होता. काउंटी शोमध्ये, फळांच्या प्रदर्शनात, त्यांच्या साहेबांनी आपली द्राक्षं पाहिली होती आणि ती कोणाच्या हातची याची चौकशी केली होती. त्यांना तू हवा होतास. मुख्य माळी म्हणून. हाताखाली नऊ माणसं, आणि टेकडीवर, उन्हात, चार खोल्यांचं घर. माझं मत मागितलं होतं.

तू तेव्हा काचघरात शिडीवर उभा राहून घड विरळ करत होतास. ते काम तुझ्यासारखं कोणी करत नसे. कात्रीच्या टोकाने एकेक दाणा काढायचास, पण उरलेल्या दाण्यावरची पांढरी भुकटी कधी तुझ्या बोटाने पुसली गेली नाही. शो सप्टेंबरात होता आणि आठ वर्षं दुसरा नंबर काढून मी वैतागलो होतो. मी ते पत्र खिशात ठेवलं, घरी जाऊन जेवलो आणि उत्तर लिहिलं: "हात चांगला आहे, पण माणूस अजून तयार नाही."

कप आपल्याला मिळाला. तो माझ्या कपाटावर आहे, ऑलिव्ह त्यात बटणं ठेवते.

तू त्यानंतरही त्या उत्तरेच्या भिंतीला टेकलेल्या ओलसर घरात राहिलास. तुझ्या एल्सीच्या छातीचं दुखणं मला माहीत होतं. दर हिवाळ्यात खोकला ऐकू यायचा, भिंतीच्या अलीकडे. मी तिला दोन वेळा सरपण पाठवलं, आणि स्वतःलाच केवढा दयाळू वाटलो! तुला मुख्य माळी केलं तेव्हा तू एक्कावन्नचा होतास आणि बाग अर्धी ओसाड होती.

तू एकदा थकून नाही म्हणालास. मी एका कपासाठी तुझ्या वतीने नाही म्हणालो, आणि बावीस वर्षं तोंड मिटून बसलो. माफी मागायची तर कशी मागायची मला कळत नाही, म्हणून नुसतं सांगितलं.

एनॉक गार्बट

*

विदर्न्सी,
३ एप्रिल १९५४

श्री. लॅव्हरॅक यांस,

तीन महिने झाले, तुमचं एक अक्षर नाही. वडिलांनी जानेवारीत तुम्हाला काय लिहिलं ते सांगत नाहीत. रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहतात. वारा असो, पाऊस असो. मी ओरडते, ते ऐकत नाहीत. परवा पोस्टमनच म्हणाला, "आजोबा, आलं की मी स्वतः आत आणून देईन, तुम्ही बसा." तरी उभेच.

मी तुम्हाला खोटं लिहायला लावलं याचा राग असेल तर माझ्यावर काढा. त्यांची तब्येत उतरत चालली आहे. बागेबद्दल आता एकदाही बोलत नाहीत, आणि मला ते पूर्वीचं बोलणं बरं होतं असं वाटायला लागलंय.

काहीही लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

ऑलिव्ह

*

मार्लथॉर्प,
११ एप्रिल १९५४

मिस्टर गार्बट,

तुमचं पत्र वाचून मी ते चुलीत टाकलं. मग काढलं. एक कड जळलीय.

राग आला, हे लपवत नाही. इतका आला की फावडं घेऊन बाहेर गेलो आणि काही कारण नसताना विहिरीभोवतीची जमीन खणत राहिलो, हातांना फोड येईपर्यंत. एल्सी अठ्ठेचाळीस साली गेली. शेवटच्या हिवाळ्यात आमच्या खोलीच्या भिंतीवरचा कागद ओलीने सुटून लोंबत होता. ती म्हणायची, "पर्सी, उन्हातलं एखादं घर मिळतंय का, बघायला हवं होतं." मी म्हणायचो, "आपल्याला कोण बोलावणार?" ती म्हणायची, "असं कसं कोणीच बोलावत नाही?" आणि मी तिला समजवायचो, की आपण साधी माणसं, आपल्यात काही तेवढं नसेल. तिला मी हे समजावलं, मिस्टर गार्बट! आणि ते तिला पटलं.

तुम्हाला माफ केलं असं लिहायला तीन वेळा बसलो. लेखणी पुढे जात नाही. पुढे कधी जाईल का, माहीत नाही. तुमच्याशी भांडावं तर तुमचा एक हात गेलाय. न भांडावं तर माझी झोप गेलीय. तुमच्याकडे मी बापाच्या जागी बघत आलो, हे तुम्हाला माहीत होतं का? नसेल तर आता कळवतो.

पण एक गोष्ट तीन महिने डोक्यातून जात नाही. घर नाही, नऊ माणसं नाहीत, तेही सगळं गेलं तर गेलं. तुम्ही लिहिलं होतंत, माणूस अजून तयार नाही. शोचं, कपाचं बाजूला ठेवा. तेवढंच सांगा. मी तेव्हा तयार नव्हतो का? नव्हतो असं असेल तर तसं लिहा. मला त्याचाही थोडा आधार होईल. पण खरं लिहा. तुमच्याशिवाय हे सांगू शकेल असा माणूस जगात दुसरा नाही.

पर्सी लॅव्हरॅक

*

विदर्न्सी,
१५ एप्रिल १९५४

पर्सी,

तुझं पत्र आज सकाळी आलं. पोस्टमनने हातात दिलं. उत्तर आजच्याच टपालात जावं म्हणून ऑलिव्ह कोट घालून दारात उभी आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो.

माफी लिहू नकोस. उगाच लेखणी झिजवू नकोस.

तू तयार होतास. एकतीस साली माझ्यापेक्षा चांगला माळी होतास, आणि माणसंही तुझं माझ्यापेक्षा जास्त ऐकायची. तू गेलास की हे सगळ्यांना दिसणार, याची मला भीती वाटली.

एनॉक